आरसा काढून ठेवलेली गाडी

बाबांनी तो सिनेमा कधी पाहिला नव्हता. ज्या सिनेमात माणूस स्वतः अर्धा वेळ पडद्यावर आहे, तो न पाहता आयुष्य काढायचं म्हणजे काही कमी खटाटोप नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की टीव्हीवर तो हमखास लागायचा. शेजारच्या घरातून त्याचं पिपाणीसारखं संगीत ऐकू आलं रे आलं, की बाबांना एकदम आठवायचं, नळाचा वॉशर बदलायचाय, सायकलमध्ये हवा नाही, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जायचंय. टक्कल पडल्यावरसुद्धा ते न्हाव्याकडे जातच राहिले.

सिनेमाची गोष्ट साधी. एक कारकून आपल्या साहेबाची जुनी गाडी मागून आणतो आणि बायको, मुलगी, सासू अशी वरात घेऊन उन्हाळ्यात थंड हवेच्या गावाला निघतो. वाटेत जे जे बिघडायचं ते ते बिघडतं, आणि गाव येतं तेव्हा सुट्टी संपलेली असते. त्यातला घाटाचा प्रसंग लोकांना तोंडपाठ आहे. ब्रेक फेल झालेली गाडी, टपावरून उडणाऱ्या बॅगा, खिडकीतून हात काढून रुमाल फडकवणारा कारकून, त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली बायको. माणसं पोट धरून हसतात. मी नाही हसत. तो रुमालवाला हात माझ्या बाबांचा आहे, मागच्या सीटवरची दोन वेण्यांची पोरगी मी आहे, आणि ब्रेक खरोखरच फेल झाले होते.

बाबा डुप्लिकेट होते. पडद्यावरचा हिरो गाडी चालवताना दिसतो ना, ती गाडी बाबा चालवायचे. ह्या सिनेमाच्या हिरोला तर गाडीच येत नव्हती. क्लच दाबायच्या जागी तो शिवी द्यायचा आणि गाडी पुढे जात नाही म्हणून तिच्यावरच रुसायचा. मग बाबांच्या डोक्यावर त्याची चौकड्यांची टोपी चढायची, डोळ्यांवर त्याचा जाड चष्मा, आणि कॅमेरा जरा लांबून लागायचा. सेटवर त्यांना सगळे उस्ताद म्हणत. नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि बाबांनाही त्याचं काही वाटत नसे.

डुप्लिकेटचा नियम एकच, तोंड दिसता कामा नये. तोंड दिसलं की शॉट मेला, रीळ वाया, आणि पुढच्या सिनेमाला बोलावणं नाही. बाबांच्या हाडीमाशी हे इतकं भिनलं होतं की घरातल्या प्रत्येक फोटोत ते खाली बघताहेत. लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरदेव स्वतःचे बूट न्याहाळतोय. आई म्हणायची, "मी लग्न केलं ते टाळूशी."

त्यांची आणखी एक पद्धत होती. गाडी चालवायच्या आधी ते रस्ता चालून यायचे. कुठे खड्डा, कुठे वाळू, कुठे कठडा ढिला, सगळं पायांनी बघून. "रस्ता आधी पायांना दाखवायचा, मग चाकांना," असं ते म्हणायचे. सेटवरची तरणी मंडळी ह्याची टिंगल करायची, पण त्या दिवशी सकाळी बाबा घाट उतरून चालून आले होते म्हणून मी आज हे सांगायला आहे.

माझी शाळा बंद होती आणि आई आजारी आजीपाशी दवाखान्यात. म्हणून बाबा मला शूटिंगला घेऊन गेले. निघताना आईनं बजावलं, "सावलीत बसवा, पाणी द्या, आणि नेलीत तशी परत आणा. गाडीत बसवायचं नाही. कळलं का?"

"अगं, मी काय वेडा आहे का?" बाबा म्हणाले.

आता ऐका. सिनेमातल्या लहान मुलीचं काम करणाऱ्या पोरीला गाडी लागायची. पहिल्याच वळणाला तिनं सासूच्या पदरात सकाळचा सगळा नाश्ता ओकला आणि मग झाडाखाली हातपाय ताणून पडली. मॅनेजरची नजर माझ्यावर गेली. उंची तीच, वेण्या त्याच. "उस्ताद, तुमची पोरगी बसवू. लांबून कोण ओळखतंय? डुप्लिकेटची डुप्लिकेट!" सगळे हसले. मी तर नाचायलाच लागले. बाबांनी गाडीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हो म्हणाले. एवढ्या एका शब्दाचा हिशेब ते पुढे जन्मभर स्वतःशी करत बसले.

पुढच्या सीटवर बायकोच्या जागी केसांचा टोप घातलेली कापसाची बाहुली होती. मागे माझ्या शेजारी खुद्द सासू. ती नाटकातली जुनी नटी, सगळे तिला मावशी म्हणत. तिच्यासाठीही बाहुली शिवली होती, पण तिनं ती बाहेर फेकून दिली. "इतकी वर्षं लाकडाच्या फळ्यांवर काढली, आता कापसाला माझं काम देता होय? सरका." आणि ती ऐसपैस बसली.

निघायच्या आधी कॅमेरामन म्हणाला, आतला आरसा चमकतोय, काढा. बाबा म्हणाले, "मग मला मागचं कसं दिसणार?"

"मागे कोण येतंय उस्ताद? रस्ता बंद केलाय आपण."

बाबांनी आरसा काढला, फडक्यात गुंडाळला आणि सीटखाली ठेवला.

शॉट असा होता. पुढे उघडी जीप, तिच्या मागच्या बाजूला पट्ट्यानं बांधलेला कॅमेरामन आमच्याकडे तोंड करून, शेजारी कर्णा घेतलेले दिग्दर्शक. मागून आमची गाडी. बाबांनी खिडकीतून हात काढून रुमाल फडकवायचा, मावशीनं आणि मी किंचाळायचं, आणि टपावरच्या रिकाम्या बॅगा दोरी सुटून उडायच्या. सोपं होतं. पण बॅगा काही धड उडेनात. एकदा दोरी अडकली, एकदा बॅग उडून जीपच्या पुढेच गेली. पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. बाबांना ब्रेकचा जळका वास आला. त्यांनी मॅनेजरला सांगितलं, "तापलेत. जरा थंड होऊ द्या."

मॅनेजर दिग्दर्शकांकडे गेला आणि तसाच परत आला. "साहेब म्हणतात, ऊन उतरतंय. हा शेवटचा."

जीपमध्ये बसून गाडी चालवायचे हुकूम सोडणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण डुप्लिकेटनं वाद घालायचा नसतो. बाबांनी टोपी खाली ओढली.

ह्यापुढचं बाबांनी मला एकदाच सांगितलं. मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढायचं लायसन्स मी घरी आणलं, त्या दिवशी. पहिल्या वळणानंतर पेडल मऊ लागलं. दुसऱ्या वळणाच्या आधी ते सरळ तळाला गेलं आणि तिथेच राहिलं. हँडब्रेक ओढला तर त्याची तार सैल हातात आली. गिअर खाली आणला तशी गाडी गुरगुरली, पण उतार तिच्यापेक्षा जबर होता. पुढे जीप होती, आणि जीप आमच्यासाठी म्हणून हळू चालली होती.

बाबा ओरडले, "ब्रेक लागत नाही!"

सिनेमात कारकुनाचं वाक्य तेच होतं. जीपमधून कर्ण्यावर आवाज आला, "झकास! आणखी जोरात!"

बाबांनी हात बाहेर काढून जिवाच्या आकांतानं हलवला. दिग्दर्शक खूश. त्यांनी जीपच्या ड्रायव्हरच्या पाठीवर थोपटून सांगितलं, आणखी हळू घे, गाडी जवळ येऊ दे. बाबांनी हॉर्न दाबला. हॉर्नही होताच शॉटमध्ये. बाहुली त्यांच्या खांद्यावर कलंडली, तिचा टोप त्यांच्या मांडीवर पडला. कॅमेरामनला हसू आवरेना, ते बाबांना काचेतून दिसत होतं. त्याचे पाय जीपच्या बाहेर लोंबत होते. ते पाय आणि आमच्या गाडीचं नाक ह्यांच्यात आता बैलगाडीएवढंसुद्धा अंतर उरलं नव्हतं. एका बाजूला दगडी कडा, दुसऱ्या बाजूला दरी. आणि मागे मी. बाबा म्हणाले, "तू किंचाळत होतीस. आरसा नव्हता. मान वळवली असती तर गाडी गेली असती. मला तू फक्त ऐकू येत होतीस."

माणूस बुडतोय आणि काठावरचे टाळ्या वाजवताहेत, अशातली गत. मदतीला बोलवायच्या जेवढ्या म्हणून खुणा असतात, त्या सगळ्या आधीच कुणीतरी विनोद म्हणून लिहून ठेवल्या होत्या. बाबांनी विचार केला, ह्या शॉटमध्ये नाही असं माझ्याकडे काय आहे?

त्यांनी टोपी काढून फेकली. चष्मा काढून फेकला. आणि मान वर करून सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

कॅमेरामनचं हसू तिथेच थिजलं. हा उस्ताद, ज्याच्या कपाळाची रेघसुद्धा कधी पडद्यावर आली नाही, तो उघड्या तोंडानं आपल्याकडे बघतोय? हा शॉट बिघडवणारा माणूस नव्हे. हे काहीतरी निराळंच आहे. त्यानं मागे वळून जीपच्या ड्रायव्हरच्या डोक्यात चापट मारली आणि ओरडला, "पळव! पळव!"

जीप सुसाट सुटली. बाबांना रस्ता मोकळा झाला. त्यांनी गाडी कड्याला घासायला सुरुवात केली. पत्रा कुरकुरत, ठिणग्या उडवत गेला, बॅगा एकदाच्या झकास उडाल्या. तिसऱ्या वळणापलीकडे रस्ता दुरुस्त करणाऱ्यांनी खडीचा ढीग टाकलेला बाबांनी सकाळी पायांनी पाहून ठेवला होता. गाडी त्या ढिगात घुसली आणि थांबली.

बाबांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. सुटले तेव्हा ते मागे वळले. मी मावशीच्या मांडीत तोंड खुपसून भोकाड पसरलं होतं. कपाळाला पुढची सीट लागून टेंगूळ आलं होतं, म्हणून. पण बाबांनी पाहिलं ते एवढंच, रडणारी मी. तेवढंच त्यांच्यापाशी राहिलं.

दिग्दर्शक धावत आले आणि आधी म्हणाले, "उस्ताद, तोंड का दाखवलं? परत घ्यावा लागेल!" मग त्यांना पत्रा दिसला, खडी दिसली, मी दिसले. त्यांना खाली बसावं लागलं. गाडीचं नाक पार चेपलं होतं, परत घेणं शक्यच नव्हतं. म्हणून सिनेमात तोच शॉट आहे, आणि त्यात पापणी लवेल एवढा वेळ हिरोच्या जागी एक भलताच माणूस दिसतो. पुढे शहाण्या लोकांनी लिहिलं, की दिग्दर्शकाची ही अफलातून कल्पना. डोंबल!

आईला बाबांनी सांगितलं, पोरगी खेळताना पडली. ताकास तूर लागू दिली नाही. सिनेमा लागला तेव्हा आई शेजारणींबरोबर बघायला गेली आणि अर्ध्यातून उठून घरी आली. बाबा जेवत होते.

"पडली होती ना ती?" आई म्हणाली. "सगळं थिएटर हसत होतं. माझ्या नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा धड दिसलं, ते असं. घाबरलेलं तोंड मला ओळखता येत नाही, असं वाटलं का तुम्हाला?"

बाबांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवसापासून ते शूटिंगला गेले नाहीत. बेकरीची पावाची गाडी घेतली आणि म्हातारे होईपर्यंत तीच चालवली, इतकी हळू, की सायकलवाले पुढे जाताना त्यांना हात करत. पाव काही पळून जात नाहीत, असं ते म्हणायचे.

मी त्यांना किती वेळा सांगितलं, "बाबा, मी घाबरले नव्हते. मी हसत होते. मावशी मला हसवत होती." ते मान हलवायचे. "तू माझं मन राखतेस." आई गेल्यावर तर हा विषय निघाला की ते उठूनच जायचे.

आणि खरं सांगू? पुढे पुढे माझीही खात्री उडाली. मला एवढंच आठवतं, की मावशी बाहुलीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली होती. बाकी आठवण आहे, की घरात सांगून सांगून मीच ती तयार केली, देव जाणे. टीव्हीवर बघावं तर धुळीच्या काचेमागे माझं तोंड म्हणजे एक पांढरा ठिपका. हसतोय की रडतोय, ठिपक्याला काय विचारणार?

ह्या उन्हाळ्यात बाबांचे डोळे फारच बिघडले. डॉक्टर म्हणाले, जे आहे ते जाईल, थांबवता येणार नाही. टीव्हीवर त्यांना आता नुसते रंग दिसतात. त्याच आठवड्यात बातमी आली, की बाजारातल्या जुन्या थिएटरात तो सिनेमा पुन्हा लागतोय, साफसूफ करून. मी बोलले नव्हते. बाबांनीच चहा पिता पिता विचारलं, "पडदा मोठा असेल ना गं तिथला?"

"असेल."

"मग जाऊ. दिसतंय तोवर बघून टाकू. तू काय करत होतीस ते."

दिवसभर मी नवशिक्यांना गिअर बदलायला शिकवते. भिंतीवर चढायला निघालेल्या गाडीत माझा आवाज चढतो, पण हात चुकत नाही. त्या दुपारी तिकिटाच्या खिडकीवर मी पैसे दोनदा मोजले आणि तरी कमी दिले. समजा, पडद्यावर ती पोरगी रडत असेल तर? ह्या माणसाचे डोळे जाणार, आणि जाता जाता त्यांना तेवढंच देऊन जाणार. घरून निघताना मी म्हणून पाहिलं होतं, "बाबा, उन्हाचं कशाला, पुढच्या आठवड्यात जाऊ." ते चपला घालून दारात उभे होते.

पुढून दुसऱ्या रांगेत बसलो. थिएटर निम्मं भरलेलं, सगळीकडे सुट्टीतली पोरं आणि त्यांच्या आया. साहेबाची गाडी आली, सासू आली, लोक हसायला लागले. बाबा ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. घाट सुरू झाला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. मी त्यांच्याकडे बघावं की पडद्याकडे, मला कळेना.

पहिलं वळण. रुमाल. हसू. बाहुली कलंडली, मोठं हसू. बाबांचा उजवा पाय हळूहळू पुढे सरकला आणि जमिनीला टेकून घट्ट दाबला गेला. मी म्हटलं, "बाबा, स्वतःकडे नका बघू. मागे बघा. मागे." माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

टोपी उडाली. ते तोंड आलं. थिएटर फुटलं हसून. आणि त्या तोंडाच्या मागे, साफ केलेल्या काचेतून, भिंतीएवढी मोठी, दोन वेण्यांची पोरगी.

हसत होती. डोळे मिटून, पडलेल्या दातांच्या खिंडीसकट, लोळून लोळून हसत होती.

बाबांच्या तोंडून "अगं" एवढंच आलं. मग, "हसतेय की गं. खरंच हसतेय." शेजारच्या पोराला त्यांनी कोपरानं ढोसलं. "ती बघ, ती. हसतेय." पोरगं आधीच हसत होतं, त्यानं मान हलवली.

मला मात्र दुसरंच दिसलं. टीव्हीवर कधी न दिसलेलं. मावशी बाहुलीकडे बोट दाखवत होती, तोंड हसरं होतं, आणि डोळे रस्त्यावर खिळलेले होते. तिचा दुसरा हात माझ्या पोटाभोवती होता. फ्रॉक तिनं असा गच्च आवळला होता, की बोटांची हाडं पांढरी दिसत होती. गुडघे पुढच्या सीटच्या वर आलेले, म्हणजे दोन्ही पाय सीटला रोवलेले. तिला सगळं कळलं होतं. कड्याला पत्रा घासत होता आणि ती म्हातारी मला हसवत होती. इतक्या वर्षांत मला त्या गाडीतली भीती कधी शिवली नव्हती. ती आता आली, सगळी एकदम, कानापर्यंत.

पडद्यावर गाडी खडीत घुसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी पाय मागे घेतला होता. ते जरा वाकले, माझ्या पायांकडे पाहिलं. अधू डोळ्यांनाही ते दिसलं. माझा उजवा पाय जमिनीत रुतला होता.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सोड आता," बाबा म्हणाले. "थांबली गाडी."